प्रवासातल्या सरावासाठी छोटा ट्यूबा: प्रकल्प नोंदी

४ जून २०२४: गरज नक्की करणे

वादकाचं मुख्य वाद्य चार व्हॉल्व्हचा (बोटांनी दाबायच्या झडपांचा) बीबी-फ्लॅट ट्यूबा, म्हणजे पितळेचं खालच्या स्वरांचं मोठं फुंकवाद्य, पेटीसकट वजन १७ किलोच्या वर. प्रवास असा: महिन्यातून चार-पाच वेळा पुणे–मुंबई, एकदा कोकण रेल्वेने गोवा, वर्षातून दोन-तीनदा विमान. मुक्काम हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे, म्हणजे भिंतीपलीकडे कोणीतरी झोपलेलं असणार.

हे वाद्य कार्यक्रमात वाजवायचं नाही. आठ-दहा दिवस घराबाहेर राहिल्यावर ओठांची पकड, श्वासाचा साठा आणि बोटांची सवय या तीन गोष्टी उतरू नयेत, एवढंच त्याचं काम. म्हणून नादाचा भरदारपणा निवडीच्या निकषांत सगळ्यात शेवटी ठेवला आहे.

पहिला प्रश्न पट्टीचा, आणि तो आकाराच्या आधी सोडवायला हवा. ट्यूबा मुख्यतः चार पट्ट्यांत मिळतो. बीबी-फ्लॅटची मोकळी (कोणताही व्हॉल्व्ह न दाबता) नळी सुमारे ५.५ मीटर, सीसीची ४.९, ई-फ्लॅटची ४ आणि एफची ३.७ मीटर. छोटं वाद्य हवं म्हटल्यावर हात आपोआप एफ किंवा ई-फ्लॅटकडे जातो. पण वादक बास क्लेफमध्ये (खालच्या स्वरांच्या स्वरलिपीत), खऱ्या स्वरात लिहिलेलं वाचत असेल, तर पट्टी बदलली की प्रत्येक स्वराची बोटं बदलतात. दहा दिवस चुकीच्या बोटांचा सराव करून घरी येण्यापेक्षा न वाजवलेलं बरं.

ब्रिटिश ब्रास बँडच्या पद्धतीने ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या स्वरांच्या स्वरलिपीत) वाचणाऱ्याला हा अडसर नाही. त्या पद्धतीत ई-फ्लॅट आणि बीबी-फ्लॅट बासचे भाग वाद्याच्या पट्टीनुसार बदलून लिहिलेले असतात. कागदावरच्या एका स्वराला दोन्ही वाद्यांवर तीच बोटं, ऐकू येणारा स्वर तेवढा वेगळा. अशा वादकाने ई-फ्लॅट बेधडक घ्यावा.

आपला वादक बास क्लेफवाला. पट्टी ठरली: बीबी-फ्लॅट.

७ जून: १५८ वरून १३६

देशांतर्गत विमानात इकॉनॉमीचं कॅबिन सामान सर्वसाधारणपणे ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेमी. खरा ट्यूबा यात बसत नाही, तेव्हा तो विषय इथेच संपला. चेक-इनला साधारण १५ किलो, आणि लांबी, रुंदी, खोली मिळून १५८ सेमी. हँडल आणि चाकंही या बेरजेत धरली जातात, हे पेटी घेताना हमखास विसरलं जातं.

आता उलट हिशोब. पेटीची भिंत ६ मिमी प्लायवूड आणि आत ३० मिमी फोम धरला, तर प्रत्येक दिशेला दोन्ही बाजू मिळून ७.२ सेमी जातात. तीन दिशांचे २१.६. राहिले १३६.४. म्हणजे वाद्याची उंची, रुंदी आणि खोली यांची बेरीज १३६ सेमीच्या आत हवी. विक्रेते बहुतेक वेळा उंची आणि भोंग्याचा व्यास एवढंच देतात. रुंदी वेगळी मागून घ्यायची, आणि ती व्हॉल्व्हच्या पॅडलपासून पलीकडच्या सर्वांत बाहेर आलेल्या नळीपर्यंत मोजलेली हवी.

‘तीन-चतुर्थांश’, ‘चार-चतुर्थांश’ या आकाराच्या संज्ञांवर विसंबू नये. त्या प्रत्येक कारखान्याच्या आपापल्या आहेत. एकाचा तीन-चतुर्थांश दुसऱ्याच्या पूर्ण आकाराला लागून असू शकतो.

८ जून

रेल्वेचं माप पाहिलं. डब्यात नेण्याच्या पेट्यांना १०० × ६० × २५ सेमीची मर्यादा, आणि थ्री-टियर एसी व चेअर कारमध्ये ५५ × ४५ × २२.५. भोंगाच ३० सेमीचा असल्याने खोलीच्या मापात कोणताही ट्यूबा बसणार नाही. वजनाची अडचण नाही: थ्री-टियर एसीत ४० किलो, टू-टियरला ५०. मापाबाहेरचं सामान ब्रेक व्हॅनला (सामानाच्या डब्यात) बुक करायचं असतं, पण तिथे ढिगाऱ्यात वाद्य टाकायला मन धजत नाही. गाडीने जाताना पेटी घरी ठेवून वाद्य जाड पिशवीत न्यायचं आणि वरचा बर्थ घ्यायचा, असं तूर्त ठरवलं. म्हणजे पेटी आणि पिशवी दोन्ही लागणार.

१५ जून: पाच नमुने

प्रत्यक्ष हातात घेऊन मोजलेली वाद्यं. नावं मुद्दाम देत नाही. जातीचं वर्णन पुरे आहे.

क. तीन पिस्टनचा (वरखाली सरकणाऱ्या व्हॉल्व्हचा) विद्यार्थ्यांसाठीचा बीबी-फ्लॅट. ९३ + ५० + ३७ = १८० सेमी. शाळेच्या बँडला उत्तम, इथे बाद.

ख. चार रोटरी व्हॉल्व्हचा (आत फिरणारा रोटर असलेल्या) एफ. ८४ + ४२ + ३६ = १६२. याची नळी बीबी-फ्लॅटपेक्षा १.८ मीटर आखूड, तरी बाहेरचं माप नियमात नाही. कारण वाद्याचा बाहेरचा आकार नळीच्या लांबीवर कमी आणि भोंगा किती रुंद व वळणं किती सैल यावर जास्त ठरतो. ‘लहान पट्टी म्हणजे लहान वाद्य’ हा समज इथे मोडला.

ग. तीन पिस्टनचा जुना ब्रिटिश ई-फ्लॅट. ७६ + ४० + ३५ = १५१. याची वेगळी नोंद उद्या.

घ. चार रोटरी व्हॉल्व्हचा टॉर्निस्टर बीबी-फ्लॅट. ६८ + ३६ + ३० = १३४. वजन ६.४ किलो.

ङ. तोच ढाचा, तीन व्हॉल्व्हचा. ६६ + ३४ + ३० = १३०. वजन ५.४ किलो.

टॉर्निस्टर म्हणजे जर्मन सैनिकाची पाठीवरची पिशवी. कूच करणाऱ्या बँडसाठी ही जात तयार झाली: नळी पूर्ण लांबीचीच, पण घट्ट गुंडाळलेली, भोंगा अरुंद. १८३५ साली बर्लिनमध्ये वीपरेख्ट आणि मोरित्झ यांनी ज्या बास ट्यूबाचं पेटंट घेतलं तो एफ पट्टीचा होता. पूर्ण बीबी-फ्लॅट पाठीवर मावेल असा करणं ही नंतरची कारागिरी.

सूझाफोनचाही विचार सुचवला गेला, कारण त्याचा भोंगा वेगळा निघतो. पण तो भोंगा २६ इंची, म्हणजे ६६ सेमी व्यासाचा, आणि खालचं कडं माणसाच्या अंगाभोवती फिरणारं. सुटं करूनही दोन अवजड डाग होतात. मेरठच्या जली कोठीत आणि लग्नाच्या बँडवाल्यांकडे तो सहज मिळतो म्हणून मोह होतो इतकंच.

१६ जून: ‘ग’ का सोडला

पट्टीमुळे तो तसाही बाद होता, पण जुन्या बँडचं सामान विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी करावी. ट्यूनरवर ग चे सगळे मोकळे स्वर जवळजवळ अर्धा अर्धसूर वर दिसले: ४४ ते ५० सेंट (एक अर्धसूर म्हणजे १०० सेंट). गळती नाही, पोचा नाही. कारण सरळ आहे. ब्रिटिश बँडांत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘हाय पिच’ चालत असे, ए सुमारे ४५२.५ हर्ट्झ. आजच्या ४४० च्या तुलनेत हा फरक ४८ सेंटचा होतो.

मेन स्लाइड (सूर जुळवायची मुख्य सरकती नळी) ओढून हे जुळेल का? ई-फ्लॅटला साधारण ११ ते १२ सेमी जादा नळी लागते, म्हणजे स्लाइड ६ सेमीच्या आसपास बाहेर. ग ची स्लाइड तेवढी लांब नव्हती. आणि असती तरी प्रत्येक व्हॉल्व्हची नळी त्याच प्रमाणात आखूड राहते. पहिल्या व्हॉल्व्हची सुमारे दीड सेंटिमीटर, तिसऱ्याची त्याहून जास्त. मोकळे स्वर जुळतात आणि दाबलेले वर राहतात. कारागिराकडून सगळ्या स्लाइड वाढवून घेता येतात, पण त्या खर्चात दुसरं वाद्य येतं.

२२ जून: तीन व्हॉल्व्ह की चार

घ आणि ङ मध्ये फरक एक किलोचा. चौथा व्हॉल्व्ह स्वर पाच अर्धसुरांनी उतरवतो, त्यासाठी मोकळ्या नळीच्या ३३.५ टक्के जादा नळी लागते. बीबी-फ्लॅटवर ती १.८४ मीटर. तो एक किलो म्हणजे हीच नळी आणि तिचा रोटर.

ही नळी कशाला वाहायची, ते गणितातून दिसतं. पहिला व्हॉल्व्ह मोकळ्या नळीत १२.२५ टक्के भर घालतो, दुसरा ५.९५, तिसरा १८.९. प्रत्येक एकटा बरोबर आहे. पण पहिला दाबलेला असताना नळी आधीच लांब झालेली असते, आणि तिसऱ्याची भर मात्र मोकळ्या नळीच्या मापाने कापलेली. म्हणून एकत्र दाबले की लांबी कमी पडते आणि स्वर चढतो. पहिला-दुसरा: ११ सेंट. पहिला-तिसरा: ३०. तिन्ही: ५४ सेंट, म्हणजे अर्ध्या अर्धसुराहून थोडं जास्तच चुकलेलं. चौथा व्हॉल्व्ह असला की पहिला-तिसराऐवजी एकटा चौथा आणि तिन्हींऐवजी दुसरा-चौथा वापरता येतो. ५४ ची चूक २४ वर येते.

मोठ्या वाद्यावर ही चूक ओठांनी ओढून भरून काढता येते. अरुंद भोंग्याचा छोटा ट्यूबा स्वराला खाचेत बसल्यासारखा धरतो, ओढला तर नाद चिरतो. त्यात रोज वाकडा स्वर ऐकून कान त्याला सरावतो, आणि प्रवासातल्या सरावाचं सगळ्यात मोठं नुकसान तेच. शिवाय तीन व्हॉल्व्हवर खालच्या बी-फ्लॅटपासून सहाच अर्धसूर उतरता येतं, ईपर्यंत. त्याखालचा भाग पेडल स्वरापर्यंत (मोकळ्या नळीच्या सर्वांत खालच्या स्वरापर्यंत) रिकामा.

यावर दुसरा तोडगा कॉम्पेन्सेटिंग (भरपाई करणाऱ्या) व्हॉल्व्हचा, ब्लेकली या ब्रिटिश वाद्यतज्ज्ञाची १८७० च्या दशकातली युक्ती. त्यात हवा दुसऱ्यांदा व्हॉल्व्हमधून फिरून जादा नळी घेते. सूर उत्तम लागतात, पण वजन वाढतं आणि खालच्या स्वरांना हवा अडते. सहा-साडेसहा किलोच्या वाद्यात ते नको.

चार व्हॉल्व्ह. घ निवडला.

२३ जून: घेण्याआधीची तपासणी

नवं असलं तरी हे सगळं करायचं. अर्धा तास लागतो.

हवाबंदपणा: प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइड, व्हॉल्व्ह न दाबता, दोन-तीन सेमी बाहेर ओढायची. पाच सेकंद थांबायचं. मग व्हॉल्व्ह दाबायचा. ‘पॉप’ असा स्पष्ट आवाज आला तर पोकळी टिकली, रोटर घट्ट आहे. घ चा तिसरा व्हॉल्व्ह गप्प राहिला. रोटरला तेल घातल्यावर आवाज आला, पण बारीक. म्हणजे थोडी ढिलाई आहे. जाड तेलावर चालेल.

रोटरची दिशा: मागची टोपी काढली की रोटरच्या टोकावर आणि बेअरिंगच्या चकतीवर खुणा दिसतात. दाबलेल्या आणि सोडलेल्या, दोन्ही स्थितींत त्या एकमेकींसमोर तंतोतंत यायला हव्यात. घ चा दुसरा व्हॉल्व्ह सोडल्यावर जवळजवळ अर्धा मिलिमीटर पुढे जात होता. त्यामुळे मोकळे स्वर घुसमटलेले होते, आणि हा दोष वाजवणारा स्वतःच्या श्वासावर ढकलतो. कॉर्कचा थांबा दबला होता. जुना काढून निओप्रीनची दोरी बसवली, धारदार ब्लेडने कणाकणाने कापत खूण जुळवली. एकदम जास्त कापलं तर नवा तुकडा घ्यावा लागतो. कागद चिकटवून भरपाई करू नये, तो आठवड्यात दबतो.

पाण्याची किल्ली (आत साठलेलं पाणी सोडायची झडप): तोंडावर साबणाचा फेस लावून हळू फुंकायचं. बुडबुडा आला तर कॉर्क बदलायचा.

झाळ: प्रत्येक टेकू बोटाने हलकेच दाबून पाहायचा. सुटलेला टेकू वाजवताना खुळखुळतो आणि प्रवासात शेजारच्या नळीला पोचा पाडतो.

२९ जून: सुरांची नोंद

माऊथपीस नेहमीचं, खोली २६ अंश, मेन स्लाइड २ सेमी बाहेर, मध्यम जोर. प्रत्येक स्वर तीनदा, ट्यूनरकडे न बघता; दुसऱ्याने आकडा लिहायचा. हे फार महत्त्वाचं आहे. काटा दिसला की ओठ नकळत दुरुस्ती करतात आणि वाद्याचा खरा स्वभाव झाकला जातो.

मोकळे स्वर (आकडे सेंटमध्ये): खालचा बी-फ्लॅट −४, एफ +९, बी-फ्लॅट ०, डी −१८, एफ +७. डी हा पाचवा उपस्वर (एकाच नळीतून ओठांच्या ताणाने निघणाऱ्या स्वरमालिकेतला पाचवा), तो निसर्गतःच १४ सेंट उतरलेला असतो, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. तो पहिला-दुसऱ्याने घेतला तर −५. एफ जास्त चढा आहे. ही घट्ट वळणांची किंमत, आणि इतक्या छोट्या वाद्यात ती परवडते.

खालचा सी: पहिला-तिसरा +२८, एकटा चौथा +६. खालचा बी: तिन्ही +४७, दुसरा-चौथा +२६.

तो २६ उरला. पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड वाजवताना डाव्या हाताने ओढता येते का, ते पाहिलं. घ वर ती खाली तोंड करून आहे, मांडीवर टेकते. चौथ्याची मात्र वरच्या बाजूला आणि हाताजवळ. दुसरा-चौथ्यासाठी ती ओढली तर काम होतं. वाद्य निवडताना फोटोत बघायची ही पहिली जागा: पोहोचेल अशी किमान एक हलती स्लाइड. पहिला-तिसऱ्याची ३० सेंटची चूक भरायला सुमारे १३ सेमी नळी लागते, म्हणजे स्लाइड ६.५ सेमी बाहेर. तेवढी जागा आणि तेवढी गुळगुळीत हालचाल दोन्ही हवी. स्लाइड टूथपेस्टने घासून मोकळी करायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती जपून, आणि नंतर साबणाच्या पाण्याने पूर्ण धुऊन, नाहीतर राहिलेला कण रोटरमध्ये जातो.

३० जून: माऊथपीस

माऊथपीस मुख्य वाद्याचंच असायला हवं. ओठांना वाद्य बदललेलं कळू नये.

अडचण शँकची, म्हणजे माऊथपीसच्या वाद्यात (रिसीव्हरमध्ये) जाणाऱ्या टोकाची. ट्यूबाला युरोपियन शँक जाड आणि अमेरिकन किंचित बारीक. अमेरिकन शँक युरोपियन रिसीव्हरमध्ये गेली तर जास्त आत जाते आणि डगमगते. उलट केलं तर बाहेर राहते, आतल्या टोकाला पोकळी राहते आणि सुरुवातीचा स्पर्श मऊ पडतो. आपली शँक अमेरिकन, घ चा रिसीव्हर युरोपियन. शँकवर कागदाचा एक वेढा देऊन वाजवलं: डगमग गेली, वरचा एफ +७ वरून +३ वर आला. कागद ओलाव्याने फुगतो, तेव्हा पितळेची बारीक बाही करून घ्यायची.

८ जुलै: म्यूट

या प्रकल्पातला सगळ्यात चिवट भाग.

ट्यूबासाठी मिळणारे सरावाचे म्यूट (भोंग्यात बसवून आवाज दाबणारे बोळे) ३६ सेमीच्या पुढच्या भोंग्यांसाठी बनतात. म्यूट भोंग्याच्या काठावर बसत नाही; गळ्यात जिथे कॉर्कच्या पट्ट्यांचा व्यास जुळतो तिथे अडकतो. घ चा गळा अरुंद, त्यामुळे अॅल्युमिनियमचा मोठा म्यूट अर्ध्याहून जास्त बाहेर राहिला. वाद्य उभं असताना तोल गेला आणि स्वर ३५ सेंट चढले. यूफोनियमचा (ट्यूबाहून लहान वाद्याचा) म्यूट उलट खूप आत गेला. पण तो हलका आहे. कॉर्कच्या तीन पट्ट्या ३ मिमीवरून ७ मिमी केल्या, वाळूच्या कागदाने उतार दिला. आता पक्का बसतो, उलटा केला तरी पडत नाही. कॉर्क बसवण्याआधी भोंग्यात एकदा हा! असा श्वास सोडला की किंचित ओल येते आणि पकड घट्ट होते.

परिणाम: मधले स्वर १२ ते १८ सेंट वर, मेन स्लाइड अजून ओढून जुळवता येतात. खालच्या बी-फ्लॅटच्या खाली मात्र स्वर डळमळतात. एफ तर दोन स्वरांमध्ये लोंबकळतो. कारण म्यूटची बंद पोकळी आणि तिचं छोटं छिद्र मिळून स्वतःचा एक खालचा कंप धरतात, आणि तो ट्यूबाच्या खालच्या स्वरांत मिसळतो. पोकळी मोठी केली तर तो कंप खाली सरकतो, पण मग म्यूट भोंग्यात मावत नाही. छिद्राची नळी ६ मिमीवरून एकेक मिलिमीटर वाढवत नेली. ८ वर श्वास मोकळा झाला, ९ वर आवाज दाराबाहेर ऐकू यायला लागला. ८ ठेवली.

म्हणून नियम: म्यूट लावून खालच्या बी-फ्लॅटच्या वरचाच सराव करायचा. खालचे स्वर म्यूट न लावता, दुपारी, अगदी हळू.

म्यूटशिवाय बसताना खोलीच्या कोपऱ्यात बसू नये, दोन भिंती खालचे स्वर फुगवतात. वाद्याचा तळ पलंगाच्या किंवा खुर्चीच्या लाकडावर टेकवू नये. खाली घडी केलेली चादर.

१० जुलै

वाद्य न नेता काय करता येईल, याची बाजूची नोंद. अर्धा इंची बागेची पाइप ३.७ मीटर कापायची, टोक गरम पाण्यात मऊ करून माऊथपीस खुपसायचं, दुसऱ्या टोकाला फनेल. श्वास आणि ओठांचा कंप यांसाठी चांगलं. पण पाइप सरळ, शंकूसारखी रुंद न होणारी, म्हणून तिचे उपस्वर ट्यूबासारखे लागत नाहीत. त्यावर सुरांचा सराव करू नये.

१८ जुलै: पेटी

आखणी: टोकांना ६ मिमी प्लाय, लांब बाजूंना ४ मिमी. सगळीकडे ६ मिमी घेतलं असतं तर नुसतं लाकूड ६ किलोच्या आसपास, आणि वाद्यासकट पेटी १५ च्या काट्यावर. असं केल्याने लाकूड ४.३, फोम १, कोपरे आणि कड्या ०.८, वाद्य ६.४. एकूण १२.५ किलो. माऊथपीस आणि म्यूट हातातल्या बॅगेत.

फोमची रचना हाच पेटीचा जीव आहे. भोंग्याचा काठ कुठेही टेकता कामा नये. भोवती २ सेमी मोकळी जागा. भार तळाच्या वळणावर आणि भोंग्याच्या गळ्याखालच्या जाड भागावर. पॅडल आणि रोटरच्या दांड्यांभोवती पोकळी कापायची, कारण फोम पॅडल दाबून ठेवत असेल तर स्प्रिंग दोन दिवस ताणलेली राहते. प्रवासात म्यूट भोंग्यात ठेवण्याचा मोह टाळावा. धक्का बसला की तो पाचरीसारखा गळा फाकवतो. त्याजागी सुती पंचा गुंडाळून.

चाचणीसाठी वाद्य वापरलं नाही. छोटं मातीचं मडकं वाळूने सहा किलोपर्यंत भरून तळाच्या जागी बसवलं आणि पेटी ४५ सेमीवरून उभी सोडली. पहिल्यांदा मडकं फुटलं: ३० मिमी फोम पूर्ण दबून मडकं थेट लाकडावर आपटलं होतं. तळाला २० मिमी जादा फोम दिला. दुसरं मडकं तिन्ही वेळा टिकलं.

बाहेरचं अंतिम माप ७७.२ + ४२.८ + ३६.८ = १५६.८. कडी आणि मूठ यांसाठी १.२ सेमी उरले, म्हणून दोन्ही आत बसणाऱ्या जातीच्या घेतल्या. चाकं नाहीत, घडीची ट्रॉली वेगळी.

२२ जुलै

प्लाय आणि चिकटपट्टीच्या रसायनाची वाफ पितळेला काळवंडवते. पेटी चार दिवस उघडी, पंख्याखाली. मग आत सुती कापड. चांदीचा मुलामा असलेल्या वाद्याजवळ साधं रबर अजिबात नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

२ ऑगस्ट: गोव्याची फेरी, पिशवीतून

थ्री-टियरचा वरचा बर्थ, वाद्य पायाकडे, भोंगा खाली, पट्टा साखळीच्या कडीला. उतरल्यावर तपासणी: चौथ्या रोटरच्या दांडीचा स्क्रू अर्धा फेरा सैल. डब्याच्या सततच्या कंपाने हेच होतं. नेल पॉलिशचा एक ठिपका पुरतो, आणि नंतर काढताही येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. घट्ट गुंडाळीत पाणी पाच जागी साठतं, किल्ल्या मात्र दोनच. तिसऱ्या आणि चौथ्या स्लाइडचं पाणी त्या-त्या व्हॉल्व्हला दाबून स्लाइड काढून झटकावं लागतं. कोकणातल्या दमट हवेत हे न करता वाद्य बंद केलं की दोन दिवसांत स्लाइड चिकटते. पिशवीत सिलिका जेल २०० ग्रॅम, पण पुसून झाल्यावर; ओल्या वाद्यावर त्याचा काही उपयोग नाही.

तापमान: एसी खोली २२ अंश, बाहेर ३४. अंशाला जवळजवळ ३ सेंट धरले तर ३६ सेंटचा फरक. श्वासाने आतली हवा गरम होत असल्याने प्रत्यक्षात कमी. दोन-तीन मिनिटं नुसती गरम हवा फुंकून मगच ट्यूनर लावायचा, नाहीतर मेन स्लाइड उगाच आत ढकलली जाते.

९ ऑगस्ट: परदेशी जाण्याआधी

वाद्यावरचा क्रमांक, सहसा व्हॉल्व्हजवळ कोरलेला, फोटोत स्पष्ट यायला हवा. निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं, म्हणजे परत येताना हेच वाद्य बाहेरून विकत आणलेलं धरलं जात नाही. रांग लागते, तासभर आधी पोहोचावं. रोटरचं तेल छोट्या बाटलीत, झिप-पिशवीत आणि कॅबिनमध्ये नेणार असल्यास १०० मिलीच्या आत. केरोसीनसारखा वास येणारं पातळ तेल घरीच ठेवावं.

१७ ऑगस्ट

पितळेची बाही बसली. खालचा बी आता दुसरा-चौथ्याने, चौथी स्लाइड ओढून, +४. सरावाचा क्रम ठरला: दहा मिनिटं लांब स्वर म्यूटसह, मग स्केल, मग वाचन. पूर्ण जोरात वाजवणं या वाद्यावर अजिबात नाही, कारण अरुंद नळीत नाद लवकर फाटतो आणि वादक दाब वाढवायला शिकतो. घरी परतल्यावर पहिली पंधरा मिनिटं मोठ्या ट्यूबावर नुसते खालचे लांब स्वर.

बाकी: तिसऱ्या रोटरची ढिलाई. तीन महिन्यांनी पोकळीची चाचणी पुन्हा, पाच सेकंदांनी दाबल्यावर आवाज आला नाही तर रोटरवर मुलामा चढवून नव्याने घासून बसवायला देणे.